आहे त्या स्थितीत

भाड्याचं घर बघायला गेल्यावर माणूस काय काय बघतो? पाणी किती वेळ येतं, गाडी कुठे लावायची, वरच्या मजल्यावर कोण राहतं, भिंतीला ओल आहे का, मोबाइलला रेंज येते का. आम्हीही हे सगळं पाहिलं होतं. सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. मालक निवृत्त गृहस्थ, आम्ही त्यांना पहिल्या दिवसापासून काकाच म्हणायचो. डिपॉझिट साठ हजार, करार अकरा महिन्यांचा. बाथरूमचं दार उघडून काका म्हणाले, "गॅस गीझर आहे. लाइटबिलाची कटकट नाही." आम्ही खूश झालो. खिडकीकडे लक्ष गेलं नाही, कारण खिडकी दिसतच नव्हती. कबुतरं आत येतात म्हणून काकांनी तिथे प्लायचा तुकडा ठोकून वरून भिंतीचाच रंग मारला होता.

हा लेख त्या प्लायच्या तुकड्याबद्दल आहे. अजून नेमकं सांगायचं तर, ते घर सोडताना मी पुढे येणाऱ्या माणसांना त्याबद्दल का सांगितलं नाही, याबद्दल आहे.

*

नोव्हेंबरात थंडी सुरू झाली आणि रविवारी दुपारी आमच्या घरात कुणा ना कुणाचं डोकं दुखायला लागलं. रविवारी सगळ्यांच्या आंघोळी एकापाठोपाठ एक, निवांत, भरपूर गरम पाण्यानं. बायको म्हणायची पित्त झालंय. मी म्हणायचो आठवडाभराची झोप बाहेर पडतेय. डोकेदुखीला आपल्याकडे कारणांचा तुटवडा कधीच नसतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी मुलगी केस धुवायला गेली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. बऱ्याच वेळानं बायकोच्या लक्षात आलं की पाणी पडण्याचा आवाज एकसारखा येतोय, मध्ये थांबत नाहीये. हाक मारली, उत्तर नाही. दाराची कडी ढिली होती, हे आमचं नशीब. दोन धक्क्यांत दार उघडलं. मुलगी भिंतीला टेकून खाली बसलेली, मान एका बाजूला कललेली. उचलून गच्चीत आणली. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले, उलटी केली आणि विचारलं, "मी पडले का?"

कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर घरात होता. मी तो तिच्या बोटाला लावला. आकडा आला ९८. आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे चक्कर आली असणार, असं ठरवून तिला लिंबूसरबत दिलं.

संध्याकाळपर्यंत तिचं डोकं थांबेना म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासायच्या आधीच विचारलं, "गीझर गॅसचा आहे का? बाथरूमच्या आत?" मग त्यांनी चिठ्ठी देऊन आम्हाला थेट हॉस्पिटलात पाठवलं. तिथे तिला बरेच तास मास्क लावून ऑक्सिजन दिला. ती बरी झाली. आज ती अगदी ठीक आहे, हे वाचकाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

त्या रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर मला एक गोष्ट कळली, ती अजून डोक्यातून जात नाही. गॅस जळायला हवा लागते. एक घनफूट एलपीजी नीट जळायची तर पंचवीस-तीस घनफूट हवा हवी. बंद बाथरूममध्ये ती हवा बघता बघता कमी पडते आणि जळून झालेला धूरही त्याच खोलीत साठत राहतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे रक्त फिरत राहतं, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. आणि बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या दोन रक्तांत फरक करू शकत नाही. त्याला दोन्ही सारखीच लालभडक दिसतात. म्हणजे ज्या ९८ आकड्यानं आम्ही निश्चिंत झालो, तो आकडा खोटा नव्हता, पण आम्हाला हवं ते तो सांगतच नव्हता.

सिलिंडरमधल्या गॅसला मुळात फारसा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा घाण वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. ही माणसानं माणसाची घेतलेली काळजी आहे. कुणीतरी, कधीतरी, पुढच्या अनोळखी माणसाला कळावं म्हणून धोक्याला नाक दिलं. पण तोच गॅस अर्धवट जळून जो वायू तयार होतो त्याला वास नाही, रंग नाही. त्याला वास द्यायची सोय नाही. तिथे वासाचं काम माणसाच्या तोंडानं करावं लागतं.

*

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. गीझरचं झाकण उघडून त्यानं बर्नर दाखवला. काजळी धरली होती. चालू करून दाखवला, तर ज्योत निळी नव्हती, पिवळट होती. स्वयंपाकघरातल्या सिलिंडरपासून भिंतीला भोक पाडून आणलेली रबरी नळी त्यानं ओढून बाहेर काढली. नळीवर छापलेली तारीख पाहून तो हसला. पाच वर्षांनी नळी बदलायची असते, ही तर दुप्पट झाली होती. मग त्यानं बोटानं भिंतीवर टकटक केलं आणि आवाज पोकळ आल्यावर विचारलं, "इथं खिडकी होती ना? कुणी बुजवली?"

मी काकांना फोन केला. काका खरोखर हादरले. मुलीची चौकशी केली, संध्याकाळी फळं घेऊन आले. पण गीझर बाहेर गच्चीत लावू या किंवा विजेचा बसवू या म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. विजेच्या गीझरला वेगळी वायरिंग लागेल, भिंत फोडावी लागेल, टाइल्स जुन्या, तशा आता मिळत नाहीत. "आम्ही इथं बारा वर्षं राहिलो. माझ्या दोन्ही मुलांच्या आंघोळी याच बाथरूममध्ये झाल्या. कधी काही झालं नाही. बर्नर साफ करून घ्या, पैसे मी देतो. आणि दार थोडं उघडं ठेवत जा."

मला काकांना खलनायक करायचं नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास होता. आणि नेमकं हेच अवघड आहे.

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होता. तो जेमतेम तेहतीस वर्षं जगला. १८७७ साली त्यानं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून होते. जहाज जुनं आहे, अनेकदा दुरुस्त झालेलं आहे, त्यातून देशांतर करणारी कुटुंबं जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते. दुरुस्तीचा खर्च डोळ्यांसमोर येतो. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं झेलली, यावेळीही सुखरूप परत येईल. हळूहळू त्याची खरोखरच खात्री पटते आणि तो हलक्या मनानं जहाजाला निरोप देतो. जहाज बुडतं. मालक विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्डचं म्हणणं असं की, त्याचा विश्वास प्रामाणिक होता म्हणून तो निर्दोष ठरत नाही. कारण तो विश्वास त्यानं तपासून मिळवला नव्हता, शंका दाबून मिळवला होता. क्लिफर्ड पुढे आणखी एक पाऊल टाकतो. समजा, जहाज बुडलंच नाही. तर मालकाचा दोष कमी होतो का? तो म्हणतो, तसूभरही नाही. तो फक्त उघडकीला आला नाही, एवढंच.

क्लिफर्ड हे नुसतं खुर्चीत बसून लिहीत नव्हता. १८७० साली सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेत तो होता आणि त्याचं जहाज सिसिलीच्या किनाऱ्याजवळ फुटलं होतं. तो वाचला होता.

"बारा वर्षं काही झालं नाही" हे वाक्य म्हणजे हुबेहूब त्या जहाजाच्या सफरी. बारा वर्षं काही झालं नाही याचा अर्थ गीझर सुरक्षित आहे असा होत नाही. बारा वर्षांपूर्वी बर्नर नवा होता, नळी नवी होती आणि खिडकी उघडी होती. ती काकांच्या बायकोनं कबुतरांना कंटाळून बंद करायला लावली, ते हे घर सोडून मुलाकडे राहायला जायच्या थोडं आधी. म्हणजे ज्या बाथरूमचा दाखला काका देत होते, ते बाथरूम आता अस्तित्वातच नव्हतं. हे त्यांना एका मिनिटात कळलं असतं. त्यांनी तो एक मिनिट स्वतःला दिला नाही.

*

करारात एक वाक्य होतं. सगळ्यांच्याच करारात असतं. जागा "आहे त्या स्थितीत" ताब्यात घेतली आहे आणि तिच्याबद्दल तक्रार नाही.

आपल्याकडे ज्याला आपण भाडेकरू म्हणतो तो कागदावर बहुतेकदा भाडेकरू नसतोच. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात तो लायसन्सी असतो, म्हणजे काही काळ राहायची परवानगी मिळालेला माणूस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये जागा राहण्याजोगी ठेवायची जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे, पण उलट करार झालेला नसेल तर. आणि तो कायदा बोलतो भाडेकरूबद्दल. अकरा महिन्यांच्या परवानगीवाल्यानं वकील गाठून हा कीस काढत बसावा, तर तोपर्यंत अकरा महिने संपतात.

पण कायदा बाजूला ठेवू. "आहे त्या स्थितीत" या शब्दांना नैतिक वजन किती? मला वाटतं, थोडं आहे. नळ गळतोय, दाराला रंग नाही, फरशी तडकलीय, हे मी पाहिलं आणि तरी हो म्हणालो, तर नंतर कुरकुर करायचा माझा हक्क कमी होतो. कमी भाड्याच्या बदल्यात मी ती गैरसोय घेतली. संमती म्हणजे हेच. पण जे दिसत नाही त्याला संमती देता येत नाही. रंग मारलेल्या प्लायला मी हो म्हणालो नव्हतो, मी भिंतीला हो म्हणालो होतो. "आहे त्या स्थितीत" हे शब्द दोघांना सारखं दिसणाऱ्या स्थितीपुरतेच खरे असतात. एकाला माहीत आणि दुसऱ्याला नाही, तिथे ते शब्द करार राहत नाहीत, पडदा होतात.

इथं माझंही एक माप पदरात घेतो. आमचं गॅसचं कार्ड अजून जुन्या पत्त्यावर होतं. ते बदलायचा कंटाळा केला आणि सिलिंडर ओळखीनं आणत राहिलो. एजन्सीचा माणूस तपासणीला येतो तो नोंदलेल्या पत्त्यावर येतो. म्हणजे ज्याचं कामच नळी आणि ज्योत बघायचं आहे, त्या माणसाच्या वाटेतून हे घर मीच वगळलं होतं. नळीवर तारीख छापलेली होती. ती मी सात महिन्यांत एकदाही वाचली नव्हती. शंका दाबण्याइतकंच शंका येऊच न देणं सोपं असतं.

*

आम्ही घर सोडायचं ठरवलं. काका समंजसपणे म्हणाले, "नोटिशीचा महिना राहू द्या, डिपॉझिट पूर्ण परत देतो. फक्त नवीन लोक बघायला येतील, त्यांना उगाच घाबरवू नका. मी सर्व्हिसिंग करून घेतलंच आहे."

बर्नर खरंच साफ झाला होता. नळीही नवी आली होती. प्लाय तसाच होता.

जानेवारीत एक जोडपं आलं. नुकतंच लग्न झालेलं असावं, नगरकडचं बोलणं. त्या मुलीनं बाथरूमचं दार उघडलं, आत डोकावली आणि मला विचारलं, "दादा, गरम पाण्याला गीझर आहे ना?"

मी म्हणालो, "आहे."

काका शेजारी उभे होते. साठ हजारांचा चेक त्यांनी अजून लिहिला नव्हता. पण ते शेजारी नसते तरी मी सांगितलं असतं का, हे मला आज छातीठोकपणे सांगता येत नाही. "आहे" हे उत्तर खरं होतं. ऑक्सिमीटरवरच्या ९८ सारखं खरं.

*

लाक्षागृहाची गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते. वारणावतात पांडवांना राहायला दिलेलं घर लाखेचं आहे. विदुर युधिष्ठिराला सांकेतिक भाषेत सावध करतो. पांडव कळूनही तिथेच राहतात, आतून गुप्तपणे भुयार खणून घेतात आणि एका रात्री घराला आग लावून निसटतात. लहानपणी आपण विदुराच्या हुशारीवर आणि भुयारावर खूश होतो.

त्या रात्रीचा एक तपशील शाळेच्या पुस्तकात बहुधा नसतो. कुंतीनं त्या दिवशी अन्नदान केलं होतं. एक निषाद स्त्री आपल्या पाच मुलांना घेऊन जेवायला आली. खाऊन-पिऊन ती सहाही माणसं तिथेच झोपली. भीमानं आग लावली तेव्हा ती आत होती. सकाळी लोकांना सहा देह सापडले, आई आणि पाच मुलगे, आणि सगळ्यांनी मानलं की पांडव गेले. कथाकार म्हणतो, काळानंच तिला तिथे आणलं होतं.

पांडवांकडे सबबी होत्या. जीव धोक्यात होता, शत्रू पाळतीवर होता, कुणाला काही सांगणं म्हणजे स्वतः मरणं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. साठ हजार रुपये होते आणि एका म्हाताऱ्या माणसाशी वाईटपणा घ्यायचा संकोच होता. पण आकार तोच. घर धोक्याचं आहे हे आधी राहणाऱ्याला कळतं, तो आपल्यापुरतं भुयार शोधतो, बाहेर पडतो, आणि त्या घरात दुसरं कुणीतरी झोपायला येतं, ज्याला विदुरानं काहीच सांगितलेलं नसतं.

विदुराला ते घर कुणी बांधायला लावलं, हे पाप त्याचं नव्हतं. घर त्याचं नव्हतं, राहणारही तो नव्हता. तरीही त्याला कळलं होतं, म्हणून त्याच्यावर सांगायची जबाबदारी आली. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात मुळाशी असलेली गोष्ट ही आहे. कळणं हे नुसतं आपलं राहत नाही. गळती कुणी केली, खिडकी कुणी बुजवली, खर्च कुणी करायचा, हे प्रश्न मालकीचे आहेत, आणि त्यांची उत्तरं मालकाकडे बोट दाखवून देता येतात. पण धोका ज्याला माहीत आहे त्यानं ज्याला माहीत नाही त्याला तो सांगायचा, हे कर्तव्य मालकीतून येत नाही. ते फक्त माहिती असण्यातून येतं. घर सोडलं, चाव्या दिल्या, डिपॉझिट घेतलं, तरी माहिती माझ्याबरोबरच आली होती. ती काही मी किल्लीच्या जुडग्यात परत केली नव्हती.

यावर मी मनाशी बरेच युक्तिवाद केले. जबाबदारी काकांची आहे. मेकॅनिकलाही माहीत आहे. डॉक्टरांनाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी सांगितलं होतं, तो "बघतो" म्हणाला होता. इतक्या जणांत वाटल्यावर माझ्या वाट्याला कितीशी येणार? पण जबाबदारी ही हॉटेलच्या बिलासारखी डोकी मोजून वाटता येत नाही. पाच माणसांना माहीत असलं की प्रत्येकाची एकपंचमांश होत नाही. प्रत्येकाची पूर्णच राहते, कारण प्रत्येक जण एकटाही ते वाक्य बोलू शकत होता. मेकॅनिकला बोलायची संधी मिळाली नाही. डॉक्टरांना ते जोडपं कधी दिसणारच नव्हतं. मला मात्र त्या मुलीनं तोंडावर विचारलं होतं.

दुसरा युक्तिवाद जरा बरा होता. भाड्यानं राहणारा माणूस कमकुवत बाजूला असतो. ज्याचं डिपॉझिट अडकलंय, ज्याला उद्या नवा मालक "आधीच्या घरमालकाचा नंबर द्या" म्हणणार आहे, त्याच्याकडून शौर्याची अपेक्षा करणं म्हणजे ओझं नेमकं चुकीच्या खांद्यावर टाकणं. हे खरं आहे, आणि मी ते सोडायला तयार नाही. पण यातून एवढंच निघतं की माझा दोष काकांपेक्षा कमी आहे. तो शून्य आहे असं निघत नाही.

*

त्याच सुमारास लेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीशी फोनवर बोलताना हा विषय निघाला. तीही भाड्यानं राहते. ती म्हणाली, आमच्याकडे घरात शिरायच्या आधीच गॅसचा कागद हातात देतात. मला वाटलं काहीतरी बिलाचं असेल. तिनं समजावून सांगितलं. तिथल्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार भाड्यानं दिलेल्या घरात मालकाच्या गॅसच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून तपासणी व्हावी लागते. त्याची प्रत राहत्या भाडेकरूला अठ्ठावीस दिवसांत द्यायची, आणि नव्या भाडेकरूला तो राहायला यायच्या आधी.

माझं मन त्या शेवटच्या अटीवर अडलं. राहायला यायच्या आधी. म्हणजे त्या मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे माझ्यासारख्याच्या धैर्यावर सोडलेलं नाही. ते कागदावर आहे.

क्लिफर्डच्या जहाजमालकाचंही शेवटी असंच झालं. त्या काळी इंग्लंडात जुनाट, अतोनात भरलेली जहाजं समुद्रात पाठवली जात. खलाशी त्यांना शवपेट्याच म्हणत. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या खासदारानं त्यावर रान उठवलं आणि क्लिफर्डच्या निबंधाच्या आदल्याच वर्षी, १८७६ मध्ये, जहाजाच्या बाहेरच्या अंगावर माल भरण्याची मर्यादा दाखवणारी खूण रंगवणं सक्तीचं झालं. सुरुवातीला ती कुठे रंगवायची हे मालकच ठरवत, त्यामुळे तिचा फारसा उपयोग झाला नाही. तिची जागा सरकारनं ठरवायला आणखी बरीच वर्षं जावी लागली. पण त्या खुणेमागची कल्पना मला फार मोलाची वाटते. तत्त्ववेत्ता मालकाला सांगत होता, स्वतःच्या मनात डोकावून बघ. प्लिम्सॉल म्हणत होता, मनात काय ते राहू दे, बाहेर अशी खूण काढ की धक्क्यावर उभ्या असलेल्या हमालालाही दिसेल.

मला दोघांचंही पटतं, पण एकाच वेळी नाही. नियम नसतील तिथे क्लिफर्डला पर्याय नाही, कारण तिथे तपासणारं दुसरं कुणी नसतं. आणि माझा अनुभव सांगतो की चेक लिहिला जायचा असताना स्वतःच्या मनात डोकावून मिळालेल्या उत्तरावर फार विसंबू नये. आपल्याकडे तो कागद नाही. म्हणून आपल्याकडे आधीचा भाडेकरू हाच तो कागद असतो. तो गप्प बसला की कागद कोरा.

*

मार्चमध्ये मी त्या घरी परत गेलो. एक कुरिअर जुन्या पत्त्यावर आलं होतं, हे निमित्त. खरं तर ते वॉचमनकडून घेता आलं असतं. दार त्या तरुणानं उघडलं. त्यानं पाणी दिलं. मी पहिल्या दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं. रविवारची डोकेदुखी, मुलगी, ऑक्सिजन, बर्नर, आणि त्या रंगाखाली खिडकी आहे हे.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याची बायको आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मला वाटायचं मला इथलं पाणी बाधतंय," ती म्हणाली. "सकाळी आंघोळ झाली की मळमळतं." मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पण दादा, मी तुम्हाला विचारलं होतं ना?"

ती चिडली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी डिपॉझिटचं सांगितलं, कारण दुसरं काही सांगणं म्हणजे पुन्हा एकदा खरं पण अपुरं बोलणं झालं असतं. ती काही बोलली नाही.

तरुणानं स्क्रूड्रायव्हर शोधला, पण प्लाय खिळ्यांनी ठोकलेला होता. शेवटी शेजारून हातोडी आणली. आम्ही दोघांनी मिळून तो उचकटला तेव्हा रंगाचे पापुद्रे सगळ्या बाथरूममध्ये पडले. खिडकी तशी लहानच होती. तेवढीच पुरेशी आहे असं कुणी समजू नये, म्हणून मी निघताना दोनदा सांगितलं की गीझर बाहेर काढेपर्यंत पाणी स्वयंपाकघरात तापवा. तो म्हणाला, काकांना आजच फोन करतो. मग जरा थांबून म्हणाला, "तेवढं तुमचं नाव सांगू का?"

मी म्हणालो, सांगा.